ठिगळाला माया किती?

माझ्या लेकीच्या छातीवर मधोमध एक उभी रेघ आहे. गळ्याच्या हासळीच्या थोडी खाली सुरू होते आणि बरगड्या जिथे संपतात तिथे थांबते. मी गावात बायकांचे ब्लाउज आणि पोरींचे फ्रॉक शिवते. शिवण बघितली की ती घाईत मारलीय की सावकाश, हे मला लगेच कळतं. ही सावकाश मारलेली आहे आणि सरळ आहे. माझ्या हातून इतकी सरळ शिवण सणासुदीच्या गर्दीत पडत नाही.

ती झाकून टाक, असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटल्या. त्यातल्या निम्म्यांचे ब्लाउज मीच शिवते, म्हणून नावं घेत नाही. "बंद गळ्याचे शिवत जा गं," म्हणतात. "पोरीची जात हाये. उद्या बघायला आले तर?" पोर सहा वर्षांची, पहिलीत जाते, अजून पुढचे दोन दात यायचेत, आणि यांना बघायला येणाऱ्यांची काळजी! मी प्रत्येक फ्रॉकचा गळा मुद्दाम एक बोट मोठा कापत आले. ज्यांना बघायचंय त्यांनी डोळे भरून बघावं.

पण तिच्या अंगावर आणखीही खुणा आहेत. बेंबीच्या वर, मसुरीच्या डाळीएवढ्या पाच काळ्या टिकल्या, गोल मांडलेल्या. त्या फ्रॉकखाली राहतात. अंघोळीच्या वेळी ती विचारायची, "हे कशाचं?" मी सांगायचे, "जन्मखूण." चांगली तीन-चार वर्षं मी हे खोटं बोलले. बाकी जगाशी भांडायला मी कधी मागे हटले नाही, पण त्या पाच टिकल्यांपुढे माझी जीभ उचलायची नाही.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, तीर्थपुरीजवळच्या गावात झालं. सासर जाफराबादकडे. दोन्ही घरं मूळची मेंढरांची. आता सासऱ्यांकडे वीस-बावीस मेंढरं उरलीत, बाकी कुणी शेतात, कुणी मजुरीला, आणि माझे मालक जालन्यात सळईच्या कारखान्यात. बाळ जन्मलं तेव्हा पावणेतीन किलोचं होतं, गुटगुटीत म्हणावं असं. तिसऱ्या आठवड्यापासून ते बिनसलं. छातीशी धरलं की अधाशासारखी चार घोट प्यायची आणि सोडून द्यायची. श्वास भरभर चालायचा. हवेत गारवा असला तरी कपाळ घामाने ओलं. मी पदराने घाम पुसायचे आणि पुन्हा लावायचे. पुन्हा चार घोट.

बघायला येणाऱ्या बायकांनी हां हां म्हणता निदान केलं. "दूध पातळ हाये हिचं." लेकराला काही झालं की आधी आईच्या दुधात खोट काढायची. मला शतावरी दिली, मेथीचे लाडू दिले, अळीवाची खीर दिली. मी फुगत गेले आणि पोर वाळत गेली.

दीड महिन्याची झाली तेव्हा तिचं पोट सारखं आत-बाहेर व्हायला लागलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मग तो शब्द घरात आला. "पोरीला डबा झाला." आमच्याकडे तान्ह्या लेकराला धाप लागली, पोट उडायला लागलं की त्याला डबा म्हणतात. आणि एकदा डबा म्हटलं की कुणाला दवाखाना आठवत नाही, बिब्बा आठवतो.

गल्लीतल्या म्हातारीला बोलावणं गेलं. ती काही वाईट बाई नव्हती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिने बिब्बा आणला होता, सुई नव्हती. "जाडी सुई दे गं," ती मला म्हणाली. बाळंतपणात हात रिकामा नको म्हणून मी शिलाईचं सामान माहेरी नेलं होतं. त्यातली गोधडी शिवायची सुई मीच काढून दिली. तिने बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला. त्यातून चरचर तेल सुटलं. "पाय धर," ती म्हणाली. मी धरले.

पाय धरणे म्हणजे माफी मागणे, विनवणे. मी माझ्या दीड महिन्याच्या लेकीचे पाय धरले, ते तिला नीट डागता यावं म्हणून. पाच चटके दिले. तिने तोंड उघडलं, पण रडायलाही तिला श्वास पुरत नव्हता. नुसतं उघडं तोंड, आवाज नाही, आणि ओठांभोवती काळपट छाया. माझी माय म्हणाली, "आता उतार पडंल बघ." उतार पडला नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझी पिशवी भरली आणि सासरी निघाले. बाळंतीण अशी मधूनच निघत नाही, लोक काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. कोण काय म्हणालं ते आता सांगता येणार नाही, कारण मी ऐकलंच नाही. तेव्हापासून मला न ऐकायची सवय लागली ती लागलीच.

सासरी मी आतल्या खोलीत पाजायला बसायचे आणि सासरे बाहेर ओट्यावर असायचे. त्यांना दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. दोन दिवस त्यांनी ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तिला सांग, दुधाला काही झालं न्हाई. कोकरू आचळ सोडून सोडून पीत आसंल तर त्याला भूक न्हाई आसं नसतं. त्याला दम लागून राह्यला. आतून काहीतरी हाये."

मग आत्याबाई अंगणात बाळाला तेल लावत होत्या तेव्हा त्यांना पोटावरचे डाग दिसले. ताजे होते, खपली धरलेली. सासरे ओट्यावरून उतरून जवळ आले. "म्या जिंदगीभर मेंढरं डागली," ते म्हणाले. "जगायची ती तशीबी जगली आसती. मरायची ती डागूनबी मेली. माणसाच्या लेकराला काहून डागलं?"  पाय कुणी धरले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अंगणवाडीतल्या ताईंनी तिला टांगत्या काट्याला झोळीत घालून लटकवलं. वहीतल्या तक्त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. तिचा ठिपका लाल पट्ट्याच्याही खाली पडला. ताई उठल्या आणि त्यांनी फोन लावला. लेकरं तपासायची सरकारी गाडी त्याच आठवड्यात येणार होती, तिच्यात हिचं नाव पहिलं लावलं. त्या गाडीतल्या डॉक्टरने छातीला नळी लावली ती काढेचना. इकडे लावली, तिकडे लावली, पाठीवर लावली. मग मला विचारलं, "दूध पिताना घाम येतो का हिला?"

मला रडूच फुटलं. महिना-दीड महिना सगळ्या जगाने माझ्या दुधाची चौकशी केली होती. तिच्या घामाबद्दल विचारणारा हा पहिला माणूस.

जालन्याला इको काढला. तिच्या काळजाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं, आणि ते मोठं होतं. अंगाला जायचं रक्त त्या भोकातून फिरून पुन्हा फुप्फुसाकडे जात होतं. फुप्फुसं भरून जायची, म्हणून दम. खाल्लेलं सगळं दम घेण्यातच खर्ची पडायचं, म्हणून वजन नाही. ऑपरेशन मुंबईला होणार होतं, सरकारी योजनेतून, फुकट. अट एकच होती. वजन पाच किलोच्या आसपास आणा, तोवर ही औषधं. वजन होतं तीन किलो चारशे. म्हणजे भोक आहे म्हणून वजन वाढत नाही, आणि वजन वाढत नाही म्हणून भोक शिवता येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "मग मी काय करू?" ते म्हणाले, "थोडं थोडं पाजा. सारखं पाजा."

घरात बैठक बसली, न बोलावता. "येवढ्याशा जिवाला फाडायचं?" चुलत सासूने डोळ्याला पदर लावला. "आन् फाडूनबी वाचंल याचा काही भरोसा?" आत्याबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पहिलीच हाये. दुसरं होईल."

"दुसरं झालं तर ते दुसरं आसंल," मी म्हटलं. "ही ही हाये."

सासऱ्यांसमोर मी आवाज चढवलेला तो पहिलाच. मालक भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "वाचंल का गं?" हे मात्र त्यांनी खरं विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, "न्हाई केलं तर वाचंल का, ते आधी मला सांगा." सासरे ओट्यावरून म्हणाले, "तिचं बराबर हाये." विषय संपला.

मग साडेचार महिने मी एवढंच केलं. मशीनच्या उजव्या हाताला कात्री आणि डाव्या हाताला वाटी-चमचा. पोरीला थकवा नको म्हणून दूध काढून चमच्याने. एक बाही जोडायची, चार चमचे पाजायचे. दुसरी बाही, चार चमचे. तेव्हा शिवलेल्या कपड्यांवर दुधाचे डाग पडलेत आणि एकीनेही तक्रार केली नाही, हेही सांगायला हवं. दोनदा तिला कफ झाला आणि कमावलेलं वजन गेलं. पुन्हा पहिल्यापासून. "रोज काट्याला टांगून ऱ्हायली, नजर लागंल," शेजारीण म्हणायची. मी म्हणायचे, "लागू दे. नजरेचं पण वजन भरत आसंल तर बरंच हाये." आत्याबाई बोलायला उलट आणि करायला सुलट. दुसरं होईल म्हणणारी ही बाई वजनाच्या दिवशी माझ्याआधी अंगणवाडीच्या दारात उभी असायची आणि ताईंना काटा नीट बघायला लावायची.

सातव्या महिन्यात काटा चार किलो नऊशेवर थांबला. ताई म्हणाल्या, "शंभर ग्रॅमचं मी बघते." आम्ही मुंबईला गेलो.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. हात बारीक आणि नखं अगदी आखूड. त्यांनी कागदावर काळीज काढलं, आडवी-उभी भिंत काढली, भोक काढलं. छातीचं हाड मधून उघडणार, काळीज थांबवणार, तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवणार. "आणि इथे आम्ही पॅच शिवतो," त्या म्हणाल्या.

"ठिगळ?" मी विचारलं.

"हो, ठिगळच."

मालक माझा दंड धरून मला गप्प करायला बघत होते. पण ठिगळ म्हटल्यावर मला कोण गप्प करणार? मी विचारलं, "बाई, मी शिवणकाम करते. वाढत्या लेकराचं कापड असलं की आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. पोर वाढली की उसवून मोकळं करता येतं. ही तर वाढणार. तुमच्या ठिगळाला माया किती?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हसतील असं मला वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. "ठिगळ वाढत नाही," त्या म्हणाल्या. "भोवतीचं काळीज वाढतं. आणि काही महिन्यांत ठिगळावर तिच्याच अंगाचं अस्तर येतं. माया तिची ती सोडते. उसवायची गरज सहसा पडत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही टाके जवळ जवळ घालता की लांब?" मी म्हटलं, "ज्याच्यावर जोर येतो तिथं जवळ जवळ." त्या म्हणाल्या, "आम्हीही." मग मी सही केली. मालकांनीही केली. 

सकाळी तिला आत नेताना हिरवा झगा घातला होता. बाही उसवलेली. माझ्याकडे सुई असती तर मी तिथेच दोन टाके घातले असते. पाच तास आम्ही बाकावर बसलो. मी कुठल्याही देवाला काही बोलले नाही. बोलले असते तर आधी त्या पाच डागांचा हिशेब द्यावा लागला असता, आणि माझी तेवढी छाती नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. हे एका ओळीत लिहिता येतं, पण बाहेर येऊन ते तीन शब्द सांगणाऱ्या डॉक्टरबाईंचे पाय मी खरोखर धरले. या वेळी ज्यासाठी धरतात त्यासाठी. नंतरचे काही दिवस नळ्या, यंत्रं, काचेच्या आडून बघणं. मग एके दुपारी नर्सने तिला माझ्या मांडीवर दिलं आणि पाजून बघा म्हणाली. मी सवयीने पदर हातात धरून बसले, घाम पुसायला. ती प्यायली. थांबली नाही. चार घोट झाले, दहा झाले, मी मोजणं सोडलं. कपाळ कोरडं होतं. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, आणि हे मी मालकांसमोर सांगितलेलं आहे.

आता गेल्या उन्हाळ्यातलं सांगते. माहेरी लग्न होतं. मी लेकीला पिवळा फ्रॉक शिवला, गळा नेहमीप्रमाणे मोठा. बायकांनी बघायचं ते बघितलं, मी मान ताठ ठेवली. जेवणं चालली होती, एवढ्यात मागच्या खोलीत गडबड ऐकू आली. चुलत भावाची बायको, विशीतली पोरगी, मांडीवर अडीच महिन्यांचं लेकरू घेऊन बसली होती. त्याचं पोट उडत होतं. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. "डबा झाला," कुणीतरी म्हटलं. कोपऱ्यात तीच म्हातारी, आता पार वाकलेली, हातात बिब्बा. आणि माझी मावशी माझ्याकडे वळली.

"तू शिवणारी. तुझ्याकडं सुई आसंल. जल्दी दे."

सुई होती. लग्नात ब्लाउजचे हूक तुटतात म्हणून मी नेहमी पर्समध्ये ठेवते. मी पर्स उघडली नाही. लेक माझ्या शेजारी उभी होती. मी तिला पुढे ओढली आणि तिचा फ्रॉक वर केला, छातीपर्यंत, सगळ्या बायकांसमोर.

"हे बघ," मी त्या पोरीला म्हटलं. "हिलाबी डबाच म्हणल्ते. काळजाला भोक होतं हिच्या. ही वरची रेघ डॉक्टरनं मारली, म्हणून ही हितं उभी हाये. आन् हे खालचे पाच डाग म्या दिले. सुई माझी होती. पाय म्या धरल्ते."

"आता जुनं काहून काढती?" माझी माय म्हणाली.

"जुनं न्हाई गं माय. तिच्या मांडीवर हाये ते."

 म्हातारीने बिब्बा कनवटीला खोचला. "मला काय ठावं, बाई," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाई." तिचंही खोटं नव्हतं. वऱ्हाडाच्या जीपमधून लेकराला आधी तीर्थपुरीच्या आणि तिथून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या काळजाला काही नव्हतं, न्यूमोनिया होता. आठवड्याने घरी आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी एस.टी.ने परत निघालो. लेक खिडकीशी गप्प बसली होती. मला वाटलं, पाय धरल्याचं तिच्या मनाला लागलं असणार. मी मनात उत्तरं जुळवत होते, त्यात माझा हात कुणी धरत नाही. जालना मागे पडल्यावर ती बोलली.

"मम्मी, तू माझा फ्रॉक काहून वर केला?"

"त्या बाळासाठी."

"मला इचारलं न्हाई."

मी हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"डागलं तंव्हा तरी मला इचारल्तं का?"

"न्हाई. तू लई लहान होतीस."

"आता मी लहान न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

साऱ्या गावाला मी तोंडावर उत्तरं दिली आहेत.  पण मोठे गळे तरी मी तिला विचारून कुठे घेतले होते? लोकांनी झाकायला सांगितलं म्हणून मी उघडं टाकलं. भांडण माझं होतं आणि अंग तिचं. "चुकलं माझं," मी म्हटलं. मग विचारलं, "तुला कसला फ्रॉक पाहिजे?"

"फ्रॉक नको. शर्ट. आमच्या सरांसारखा, कॉलरवाला. वरपर्यंत बटनं. आन् पेनाला खिसा."

वरपर्यंत बटणं म्हणजे बंद गळा. माझं डोकं फिरलंच. "कुणी काही बोललं का तुला? नाव सांग."

"कुणी न्हाई बोललं," ती वैतागून म्हणाली. "माझं हाये ना ते? मला दाखवायचं आसंल तंव्हा मी दाखवीन."

घरी आल्यावर मी कापड पसरलं, तिला समोर उभं केलं आणि कात्री लावायच्या आधी प्रत्येक माप तिला विचारून घेतलं. गळ्यापर्यंत सहा बटणं, छातीवर खिसा. गावातल्या बायका आता म्हणतात, अखेर ऐकलं हिने आमचं. म्हणोत. शर्टाच्या दोन्ही कडांना आतून मी दोन-दोन बोटं माया सोडली आहे.